धाग्याचा गोळा

मांजरीला सात घरं लागतात असं म्हणतात. पिल्लं झाली की त्यांना मानगुटीला धरून ती एकामागून एक घर बदलते आणि मग कुठे एका ठिकाणी टेकते. माझी धाकटी बहीण मला हे ऐकवायची आणि वर म्हणायची, "ताई, तू मांजरीच्या फक्त नख्या घेतल्यास. घर मात्र तुला एकच पुरलं." त्यात खोटं काही नव्हतं. बदलापूरच्या मांजर्लीतल्या पहिल्या मजल्यावरच्या ह्या वन रूम किचनमध्ये मी तरुणपणी आले आणि इथेच केस पांढरे केले. लग्न केलं नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होते. ती कंपनी बंद पडली तेव्हा माझं नवीन नोकरी शोधायचं वय राहिलं नव्हतं. त्याच सुमारास बहिणीचे यजमान गेले आणि ती एक बॅग घेऊन माझ्याकडे आली. चार दिवस म्हणून आली आणि वर्षानुवर्षं राहिली.

आम्ही दोघी मिळून धागा कटिंगचं काम करायचो. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सचा एक छोटा कारखाना आहे. तिथे शिवून झालेल्या पँटींना जागोजाग धाग्यांची टोकं लोंबत असतात, खिशाच्या कोपऱ्याला, पट्ट्याच्या लुपांना, खाली मोहरीला. ती छोट्या कातरीने कापून पँट साफ करून द्यायची. मी जाऊन गठ्ठा आणायचे आणि मग सतरंजीवर आम्ही समोरासमोर बसायचो. मधे पँट आडवी. कमरेकडची बाजू तिची, पायांची माझी. मला घाई फार. कातरी लावायच्या आधीच मी धागा बोटात धरून ओढायचे, आणि ती मान वर न करता म्हणायची, "ओढू नको गं, काप. सगळी शिवण उसवेल." दिवसातून कितीतरी वेळा म्हणायची. मी कितीतरी वेळा ओढायचे.

कापलेल्या धाग्यांचा दोघींच्या मधे ढीग व्हायचा. कंटाळा आला की मी त्यातले चार धागे तळहातावर चोळून गोळा करायचे आणि टिचकीने तिच्या अंगावर उडवायचे. तो नेमका नाकावर बसला की ती मला म्हातारी माकडीण म्हणायची. मी तिला म्हैस म्हणायचे. मग ती माझ्या स्वयंपाकावर घसरायची आणि मी तिच्या घोरण्यावर. जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं, आता ह्या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार. पण आमच्यापैकी कोणालाही कधी काही लागलं नाही. कुठपर्यंत जायचं हे दोघींना लहानपणापासून ठाऊक होतं, कोकणातल्या घराच्या पडवीत एका गोधडीखाली झोपत होतो तेव्हापासून.

मग बहिणीच्या मुलीला नागपुरात जुळं झालं. बहीण म्हणाली, बाळंतपण आवरून येते. बाळंतपण आवरलं. मग म्हणाली, जावळ झालं की येते. मग मुलीची रजा संपली आणि येण्याचं बोलणंही हळूहळू मागे पडलं. मी सतरंजीवर एकटी बसू लागले. पँट साफ करताना आधी पायांची बाजू करायची आणि मग उठून पलीकडे न जाता तीच पँट फिरवून घ्यायची. एवढंच कामात बदललं.

दुसरं एक बदललं, ते मला उशिरा कळलं. माझं बोलणं लोकांना लागायला लागलं. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्यांची सूनबाई एकदा पुरणपोळी घेऊन आली. पोळी जरा जाड झाली होती. मी ताटली हातात घेत म्हटलं, "पोळी आहे की पायपुसणं?" बहीण असती तर फटकन म्हणाली असती, तुझ्याच तोंडाला पुसायला आणलंय. ह्या पोरीचे मात्र डोळे भरले. मी हसून सावरायला गेले तर ती आणखीच बिथरली, आणि पुन्हा कधी ताटली आली नाही. मी जे खेळत होते ते तिला खेळणं वाटलंच नाही. आणि ज्याला वाटत होतं ते माणूस नागपुरात होतं.

त्या दिवसांत मी पिल्लू आणलं.

कॅम्प दोनच्या कारखान्याला लागून धान्याचं एक दुकान आहे. गठ्ठा बांधून होईपर्यंत मी त्या दुकानाच्या पायरीवर बसते. दुकानाचे सिंधी शेठ म्हातारे आहेत आणि बोलके आहेत. गोण्यांना उंदीर लागू नयेत म्हणून त्यांनी एक राखाडी मांजर ठेवली आहे. तिला तेव्हा दोन पिल्लं होती, एक पिवळा बोका आणि एक काळी-पांढरी मांजरी. दोघं तांदळाच्या गोण्यांवर सारखी कुस्ती खेळत. एक खाली पडायचं, दुसरं वर बसायचं, मग अदलाबदल. मी बघत बसले होते, तेवढ्यात काळी-पांढरी खाली उतरली आणि माझ्या ओढणीला चिकटलेल्या एका धाग्यावर झेपावली. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मलाच आवाज वेगळा वाटला.

"ले जाओ ना मावशी," शेठ म्हणाले. "दिल लागेल तुमचं. थोडी छोटी आहे, पण जगेल."

आईचं दूध सुटलंय की नाही हे विचारायचं मला सुचलं नाही. शेठनी तिला कापडी पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि पिशवी जागच्या जागी गोल फिरवली. मांजराला वाट दिसली तर ते परत येतं, म्हणून असं करतात. आतून बारीक रडणं येत होतं. वर गोणीवर बोका उभा राहून पिशवीकडे बघत होता. मी गठ्ठा डोक्यावर घेतला, पिशवी छातीशी धरली आणि रिक्षात बसले.

त्या संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी फोन पिल्लावर धरला. "हे बघ. तुझ्या जागेवर बसलंय."

"अगं बाई," ती म्हणाली. "नाव काय ठेवलंस?"

"नाव कशाला? घरात दुसरं आहे कोण? हाक मारली की तिलाच मारली."

ती हसली. मलाही बरं वाटलं. खरं सांगायचं तर मनात एक लबाडी होती. पिल्लू बघायला तरी ती येईल असं वाटत होतं. आणि ती नाही आली तरी पिल्लू राहील. काहीही करून हे पिल्लू घरात टिकायला हवं होतं. त्या वेळी मला दुसरं काही नको होतं.

पहिले काही आठवडे माझे फार सुखाचे गेले. मी कामाला बसले की मांजरी सतरंजीच्या पलीकडे बसायची. मी धाग्याचा गोळा करून उडवायचा, तिने हवेतच त्याला दोन पंजांनी पकडायचं, तोंडात घेऊन उलटं पडायचं आणि मागच्या पायांनी त्याला धपाधप लाथा मारायच्या. मग तो गोळा तोंडात धरून माझ्यासमोर आणून टाकायचा आणि मी पुन्हा उडवीपर्यंत माझ्याकडे टक लावून बघायचं. बाजारातून मी तिला प्लास्टिकचा एक उंदीर आणला होता, चावी दिली की धावणारा. त्याच्याकडे तिने एक दिवस लक्ष दिलं आणि मग ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला कितीही मारलं तरी तो तसाच राहायचा. धाग्याचा गोळा मात्र तिच्या दातांत सुटायचा, पिंजायचा, त्यातून धागे निघायचे. आपल्या करण्याने काहीतरी झालं हे तिला दिसायला हवं होतं. मी ते कौतुकाने बघायचे आणि नवीन गोळा करून द्यायचे.

झुरळांशीही ती खेळायची. मग पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं. दर दोन-तीन वर्षांनी शिरतंच. खालच्या लोकांची बोचकी आमच्या जिन्यात आली आणि त्यांच्यामागून उंदीर आले. एका सकाळी ओट्याखाली एक भिजलेला, थकलेला उंदीर बसला होता. ती त्याच्याकडे सरळ गेलीच नाही. पाठीची कमान करून, तिरपी तिरपी, पायांच्या बोटांवर गेली. एक पंजा पुढे करून त्याला टप्पकन मारलं आणि स्वतःच हातभर मागे उडाली. पुन्हा गेली, पुन्हा टपली मारून मागे. उंदराने वळून दात दाखवले की ती शेपटी फुगवायची.

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, असं आम्ही शाळेत म्हण म्हणून पाठ केलं होतं. मला त्या सकाळी तिचा खेळ दिसला नाही. ती घाबरलेली दिसली. हा चावेल का, अजून चावेल का, हे ती पंजाने विचारत होती. तिला दुसरं काही येतच नव्हतं. शेठच्या दुकानात तिची आई अर्धमेले उंदीर आणून बोक्यापुढे टाकायची, हे मी नंतर पाहिलं. ही त्या शाळेतून पहिलीतच बाहेर पडलेली. उंदीर शेवटी संधी साधून जिन्याकडे पळाला. ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि बराच वेळ अंग चाटत राहिली.

त्यानंतर ती माझ्यावर घसरली. म्हणजे खेळायची आधीपासूनच, पण आता दात वाढले होते. मी झाडू मारायला लागले की पलंगाखालून येऊन घोट्याला मिठी मारायची आणि चावायची. खेळण्याचा चावा नव्हे, रक्त काढणारा. मी "आई गं" म्हणून पाय झाडला की तिला आणखी चेव यायचा. हातात गोळा धरला तर गोळ्याबरोबर बोटही जायचं. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत ओरबाडलेले असायचे. कारखान्यात एकीने विचारलं, "मावशी, घरी कोण मारतं का?" मी म्हटलं, "हो, बायको." ती हसली नाही.

बहिणीने फोनवर माझे हात बघितले. मग म्हणाली, "ताई, ही जोडीला कोणी नाही म्हणून तुला खाते. आणखी एक आण."

"मी राहते ना एकटी? ती पण राहील."

"म्हणून तर म्हणतेय," बहीण म्हणाली. मी विषय बदलला.

जीन्सला वरून जी शिवण घालतात, तिचा धागा हळदीच्या रंगाचा आणि जाड असतो. एका सकाळी मांजरी पलंगाखालून बाहेर आली नाही. दुधाला आली नाही, गोळ्याला आली नाही. वाकून बघितलं तर मान पुढे करून उबळ आल्यासारखं करत होती आणि तोंडाला लाळ होती. बाहेर ओढून मांडीवर घेतली. ओठांच्या कोपऱ्यातून हळदी धाग्याचं टोक लोंबत होतं, बोटभर.

माझा हात आपसूक गेला. लोंबता धागा दिसला की माझा हात जातोच. दोन बोटांत टोक धरलं, आणि ओढणार एवढ्यात मला बहीण ऐकू आली. भास वगैरे नाही. इतकी वर्षं कानावर पडलेलं वाक्य, ते त्या जागी आपोआप आलं. ओढू नको गं, सगळी शिवण उसवेल. मी टोक सोडून दिलं. सतरंजीवरची कातरी घेतली, थोडं टोक तोंडाबाहेर ठेवून बाकीचं कापलं, आणि तिला टॉवेलात गुंडाळून पायात सापडल्या त्या चपला घालून धावले. दोन्ही चपला वेगळ्या होत्या हे डॉक्टरांकडे बसल्यावर कळलं.

प्राण्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तिला सुई देऊन गुंगवलं, तोंड उघडलं आणि मला दाखवलं. धाग्याचा एक वेढा जिभेच्या मुळाशी अडकला होता आणि दुसरं टोक घशातून खाली गेलं होतं. त्यांनी वेढा कापला. "ओढला नाहीत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "परकराची नाडी ओढली की कशा चुण्या पडतात, तसं आतडं गोळा होतं. मग चिरतं. आता उरलेला धागा आपण होऊन पडतो का ते बघायचं. नाही पडला तर पोट उघडावं लागेल."

मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "हे हिनेच?"

"खेळते," मी म्हटलं.

"फार लवकर आणलीत का हिला?"

मी तिच्या अंगावरचा टॉवेल सारखा केला.

"पिल्लं एकमेकांबरोबर मारामारी खेळतात ना, त्यात शिकतात. जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ सोडून जातं. मग कळतं, किती चावायचं. हिला ते कोणी सांगितलंच नाही, आजी. आणि घरात धागा ठेवू नका."

"घरात धागाच आहे, बाई," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

पुढचे दिवस मी काम केलं नाही. गठ्ठा पलंगावर, त्यावर चादर, आणि मी तिच्या मातीच्या घमेल्यावर नजर ठेवून. जेवण जात नव्हतं. ती मेली तर मी कोणाला दोष देणार होते? गोळे मीच करून दिले होते. मग एका सकाळी घमेल्यात तो हळदी धागा दिसला, पूर्ण, मळलेला. मी हात जोडले. कोणाला तरी सांगावं म्हणून दार उघडून जिन्यापर्यंत गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. सांगणार कोणाला? आणि सांगणार काय, की मांजर हगली? बहिणीला फोन लावला. मागे दोन बाळं एका सुरात रडत होती. "आंघोळ घालतेय गं, नंतर करते," ती म्हणाली. मी घरात येऊन दार लावलं आणि रडले. आनंदाचंच रडू होतं. पण आनंद एकटीने करायचा म्हणजे तोही रडण्यासारखाच होतो.

मग मी सगळे उपाय केले. कामाच्या वेळी तिला स्वयंपाकघरात कोंडलं. ती दाराला नख्या लावून रडायची, मी इकडे हातात पँट घेऊन तिचं रडणं ऐकत बसायचे. केर चार वेळा काढला, तरी संध्याकाळी तिच्या तोंडात एखादा धागा असायचाच. दुसरं पिल्लू आणावं, तर ह्या घरात एकाच्या जागी दोघं धागे खाणार. काम सोडावं असंही मनात आलं. पण ते सोडलं तर सकाळी उठून मी करायचं काय, ह्याचं उत्तर मला देता येईना. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं मी काही दिवस डोळे मिटून घेतले. मग एक दिवस तिने बोटाचा लचका तोडला. मी ओरडले आणि तिच्या पाठीत मारलं. जोरात मारलं. ती कोपऱ्यात गेली आणि तिथून माझ्याकडे बघत राहिली. खेळ का संपला, हे तिला कळलेलं नव्हतं. ते तोंड मी ओळखत होते. पोळीची ताटली माझ्या हातात ठेवून पोरगी गेली तेव्हा दारात उभं राहून मी तसंच तोंड केलं असणार.

गठ्ठा परत द्यायचा होता त्या दिवशी मी तिला पिशवीत घातलं. बदलापूरहून अंबरनाथ, एमआयडीसीच्या नाक्यावर रिक्षा बदलून पुढे उल्हासनगर. ह्या वेळी मी पिशवीचं तोंड उघडं ठेवलं. ती मान बाहेर काढून दोन्ही बाजूंना बघत होती. वाट लक्षात राहिली तर राहू दे, असं मला वाटत होतं.

"वापस?" शेठ म्हणाले. "पसंत नाही पडली का, मावशी?"

"पसंत आहे हो. तिचं शिकायचं राहिलंय. तुमच्याकडे राहू द्या."

आई तिच्यावर फिसकारली आणि निघून गेली. ओळख ठेवली नाही. बोका मात्र गोणीवरून खाली आला. आता तो चांगला मोठा झाला होता. त्याने तिला हुंगलं, एक पंजा तिच्या डोक्यावर ठेवला आणि उलटा पडला. म्हणजे ये, खेळू. तिने त्याच्या मानेला दात लावले, मला लावायची तसे. तो किंचाळला, पंजा मारून सुटला आणि थेट वरच्या गोणीवर जाऊन बसला. ती खाली एकटी. वर बघत राहिली. थोड्या वेळाने तो पुन्हा उतरला. पुन्हा तेच. तो पुन्हा वर. मी पायरीवर बसून बघत होते आणि माझ्या मनात एकच होतं, उतर रे बाबा, आणखी एकदा उतर. तो आणखी एकदा उतरला. शेठनी मला चहा दिला. गठ्ठा बांधून कधीचा तयार होता.

निघताना मी तिला हाक मारली नाही. नाव नव्हतंच.

त्यानंतर गठ्ठा आणायला जाईन तेव्हा मी तिला लांबूनच पाहायचे. एकदा दोघं दुकानाच्या फळीवर कुस्ती खेळत होती. ती वर होती, मग ती खाली गेली. एकदा दोघांमध्ये एक उंदीर होता आणि ह्या वेळी ती तिरपी चालत नव्हती. मी जवळ जाणं टाळायचे. विसरली असली तर ते मला दिसायला नको होतं.

परवा ती आपणहून आली. मी पायरीवर बसले होते, ती गोण्यांमधून आली आणि माझ्या ओढणीकडे बघू लागली. धागा होताच. मी तो काढून घेतला आणि मुठीत लपवला, आणि रिकामा दुसरा हात तिच्यापुढे नाचवला. जुन्या खुणा अजून आहेत त्यावर. ती झेपावली. दोन्ही पंजांनी मनगट धरलं, उलटी पडली आणि अंगठ्याखालचं मांस तोंडात घेतलं. मी डोळे मिटून घेतले. दात टेकले. चारही सुळे मला वेगवेगळे जाणवले. आणि ते तिथेच थांबले. नख्या आत होत्या. ती माझ्याकडे बघत होती, मी ओरडते का ते. मग तिने हात सोडून दिला आणि तिथेच एकदा चाटलं.

"शिकली की," शेठ म्हणाले.

शिकली. मी तिला दूध दिलं, गोळे दिले, तिच्यासाठी वेगवेगळ्या चपला घालून धावले. हे मात्र तिला मी शिकवू शकले नव्हते. मला आनंद झाला, आणि आतून काहीतरी रिकामंही झालं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, एक सांगू का? मी आता तिकडे येईन असं मला नाही वाटत गं. पोरं मला सोडत नाहीत. तूच ये इकडे."

जावयाच्या घरी दोन म्हाताऱ्या, एक म्हैस आणि एक माकडीण, तिकीट लावा म्हणावं. असं काहीतरी माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते बोलले नाही. म्हटलं, "तुझी फार आठवण येते मला."

मग ती घाबरून म्हणाली, "ताई, तू बरी आहेस ना? असं काय बोलतेस? ताप आहे का?"

"बरी आहे गं, म्हशी," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला मला ऐकू आला. तिकडे येते असं मी तिला म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही.

फोन ठेवून मी दिवा लावला आणि सतरंजीवर नवीन गठ्ठा सोडला. पहिली पँट साफ केली, पायांची बाजू, मग फिरवून कमरेची. कापलेले चार धागे तळहातावर घेतले, चोळून गोळा केला आणि सवयीने समोर टिचकी मारली. गोळा सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन पडला. मी थोडा वेळ वाट बघितली. मग उठले, पलीकडे गेले आणि तो उचलून आणला.